गैरहजर मतदाराचं मत कुणाकडे मोजता?

प्रति,
मा. मंत्री, ग्रामविकास व पंचायत राज, महाराष्ट्र राज्य
प्रत: मा. मंत्री, राज्य उत्पादन शुल्क

विषय: ग्रामसभेची गणपूर्ती, हात वर करून होणारं मतदान आणि दारूचं दुकान बंद करण्याच्या मतदानातली ‘आडव्या बाटली’ची अट

महोदय,
सप्रेम नमस्कार.

एकच गाव, एकच मतदार यादी. पण या यादीतला जो माणूस आला नाही, त्याला आपलं राज्य दोन ठिकाणी दोन प्रकारे मोजतं. ग्रामसभेला तो आला नाही, तर त्याची संमती आहे असं धरून गावाचा आराखडा मंजूर होतो. दारूचं दुकान बंद करण्याच्या मतदानाला बाई आली नाही, तर तिला दुकान हवंच आहे असं धरून दुकान चालू राहतं. दोन्ही ठिकाणी आपण म्हणता, ‘निर्णय लोकांनीच घेतला.’

पत्र लिहिणारे आम्ही ग्रामसभेला बसणारे मतदार आहोत. आमच्यातले काही प्रोसिडिंग (सभेचं इतिवृत्त) वाचून माहितीच्या अधिकारात त्याच्या नकला मागतात, काही जण गावोगाव ग्रामसभेचे अभ्यासवर्ग घेतात. लोकांनी थेट निर्णय घ्यावेत या बाजूचे आम्ही आहोत, आणि त्यात काय बिघडतं तेही रोज बघतो. म्हणून हे पत्र तक्रारीचंही आहे आणि दुरुस्तीचंही.

आधी कायदा काय म्हणतो ते. 73व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे 24 एप्रिल 1993 पासून, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 प्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, त्या टाळल्या तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. नोटीस सात दिवस आधी, विशेष सभेला चार दिवस आधी. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा. कागदावर हे बरंच भक्कम आहे. नुसत्या प्रतिनिधींवर न सोडता यादीतल्या प्रत्येकाला बसायचा, विचारायचा, नाही म्हणायचा हक्क देणारी दुसरी व्यवस्था या देशात नाही. शहरांचं तर बोलायलाच नको. क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातल्या ग्रामसभेची, तरतूद 2009 पासून कायद्यात पडून आहे. क्षेत्रसभेला जाऊन आलेला एखादा शहरी मतदार कुणी दाखवला तर आम्ही त्याचा सत्कार करू.

आता तक्रारी.

पहिली, गणपूर्तीची, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीची. नियम असा: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यापैकी जो आकडा कमी असेल तो. 400 मतदारांच्या वाडीला 60 माणसं लागतात. 3,000 मतदारांच्या गावाला 450 नव्हे, 100 पुरतात, म्हणजे साडेतीन टक्केही नाहीत. 10,000 मतदारांचं बाजाराचं गाव असेल तर 100 म्हणजे एक टक्का. गाव जितकं मोठं, पैसा जितका जास्त, तितकी अट सैल. आणि एवढीही माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. नवा विषय घेता येत नाही एवढंच बंधन. पण जुन्या विषयपत्रिकेत वर्षाचा आराखडा, मागच्या वर्षाचा खर्च आणि लाभार्थ्यांची यादी असतेच की! मुख्य सभा मुद्दाम पडू द्यायची आणि तहकूब सभेत पंधरा जणांत उरकायची, हे कुणाला शिकवावं लागत नाही. नियमानेच ती वाट मोकळी ठेवली आहे.

याच्या शेजारी वनहक्क कायद्याचा नियम ठेवून बघा. तिथे ग्रामसभेच्या निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. डोंगरातल्या पाड्याला जे जमावं अशी अपेक्षा आहे, ते डांबरी रस्त्यावरच्या गावाला जमणार नाही असं आपण का मानता?

दुसरी, विषयपत्रिकेच्या शेवटच्या ओळीची. ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’ ही ओळ नसलेली ग्रामसभेची नोटीस आमच्या पाहण्यात नाही. आठ-दहा विषय छापलेले असतात, ते वाचून माणूस ठरवतो की आज गेलं नाही तरी चालेल. आणि ज्यासाठी जायला हवं होतं, तो विषय नेमका या ओळीतून आत येतो: खडी क्रशरला ना हरकत, गायरानाची जागा, टॉवरचं भाडं. सात दिवसांच्या नोटिशीचा सगळा अर्थ ही एक ओळ पुसून टाकते.

मग येतं प्रोसिडिंग. कुठल्याही ग्रामपंचायतीत ते बुक उघडा. ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला. सूचक अमुक, अनुमोदक तमुक.’ पान उलटा, तेच वाक्य. पाणीपट्टी वाढवली तरी सर्वानुमते, गटाराची दिशा बदलली तरी सर्वानुमते. चर्चा कुणी काय केली, विरोध कुणाचा होता, किती हात वर गेले, यातलं काही नाही. सह्या मात्र आधी घेतलेल्या असतात. दारातच वही असते, आलेला माणूस सही करतो, चहा घेतो, खुर्चीवर बसतो. त्या सहीचा खरा अर्थ ‘मी आलो’ एवढाच, पण वहीत ती ठरावाच्या खाली लागते आणि अर्थ होतो ‘मला मान्य आहे’. महिला सभेची वही तर कितीदा घरोघर फिरते. भाऊसाहेबांचा, म्हणजे ग्रामसेवकाचा, शिपाई दारात उभा, आतून सासूबाई विचारतात कसली सही, तो म्हणतो मीटिंगची. आता ग्रामसेवकाचं नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं. वही तीच आहे.

केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये ‘सभासार’ नावाचं साधन आणलं, सभेच्या ध्वनिचित्रफितीवरून इतिवृत्त तयार करणारं. चांगली गोष्ट आहे. बोललं गेलेलं निदान लिहिलं तरी जाईल. पण पंधरा जणांच्या तहकूब सभेचं बिनचूक इतिवृत्त निघालं म्हणून पंधराचे शंभर होत नाहीत.

तिसरी तक्रार तारखांची. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. झेंडावंदन झालं, पोरांना लाडू वाटले की तिथेच सभा, म्हणून सोयीच्या. कुणाच्या? बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबं दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला (हंगाम संपला) की उन्हाळ्यात परततात. पालघरचे आदिवासी दिवाळीनंतर वीटभट्टीवर असतात. 26 जानेवारीची सभा त्यांच्यासाठी नाहीच. बरं, तेव्हा जे गावात नाहीत, तेच घरकुल आणि रोजगार हमीच्या यादीतले पहिले हक्कदार. ते फडावर असताना त्यांची नावं वाचली जातात, कापली जातात आणि सर्वानुमते मंजूर होतात.

आता ज्या गोष्टीवर आम्हाला जरा थांबायचंय ती: आडवी बाटली.

राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या 2008 च्या आदेशाने बायकांना गावातलं परवानाधारक दारूचं दुकान मतदानाने बंद करता येतं. थेट लोकशाहीचं इतकं स्वच्छ यंत्र महाराष्ट्रात दुसरं नाही, हे आम्ही मनापासून म्हणतो. प्रश्न एकच: दुकान राहावं की जावं. चिठ्ठीवर उभी बाटली (राहावं) आणि आडवी बाटली (जावं), अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही कळेल असं. मतदान गुप्त, घरातल्या पुरुषाला कळायचं कारण नाही. त्याआधी 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा, सह्यांची पडताळणी व्हायची, मग तारीख लागायची.

आणि मग अट अशी की आडव्या बाटलीला पडलेली मतं एकूण नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्यापेक्षा जास्त हवीत. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या. हिशेब मांडून बघू. समजा यादीत 900 बायका. 70 लेकी लग्न होऊन सासरी गेल्या, नावं इथेच. 25 वारल्या, नावं आहेतच. 120 फडावर किंवा मुंबई-पुण्याला. गावात उरल्या 685. त्यातल्या 600 मतदानाला आल्या, ही गर्दी विधानसभेलाही होत नाही. 430 जणींनी आडवी बाटली केली, 170 जणींनी उभी. शंभरातल्या एकाहत्तर बायकांनी सांगितलं दुकान नको. हव्या होत्या 451. दुकान चालू.

त्या 25 मृत बायकांचं मत उभ्या बाटलीला गेलं. सासरी नांदणाऱ्या लेकींचंही. म्हणून दुकानवाल्याला मतं विकत घ्यायची गरज उरत नाही. बायका घराबाहेर पडू नयेत, एवढंच त्याला बघायचं असतं: आदल्या रात्री दोन ठिकाणी भांडण, सकाळी मजुरीचा टेम्पो नेहमीपेक्षा लवकर. न येणं हेच जिथे विरोधी मत, तिथे येऊ न देणं हाच प्रचार.

ही अट किती अवाजवी आहे हे गोव्याच्या जनमत कौलाला लावून बघा, म्हणजे लक्षात येईल. 16 जानेवारी 1967. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, फूल की दोन पानं. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने 1,72,191 मतं, विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170. फरक 34,021 चा, आणि गोव्याचा प्रश्न तिथे मिटला. मतदार होते 3 लाख 88 हजारांच्या घरात. त्याचे निम्मे 1 लाख 94 हजार. उत्पादन शुल्क विभागाची अट तिथे असती तर दोन पानंही हरली असती आणि फूलही. 80 टक्क्यांहून जास्त लोक मतदानाला आले, तरी कौल ‘अनिर्णित’ ठरला असता. एका प्रदेशाचं भवितव्य झालेल्या मतांच्या बहुमतावर ठरू शकतं, देशी दारूचं दुकान मात्र नाही!

त्या कौलातून आणखी एक घेण्यासारखं आहे. विलीनीकरणाच्या बाजूचं सरकार खुर्चीवर असताना कौल निष्पक्ष कसा होईल, अशी हरकत आली तेव्हा मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर 1966 मध्ये राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीत मतदान झालं. प्रश्न ज्याच्या हिताचा, त्याने पंचाच्या जागी बसू नये. ग्रामसभेत मात्र सरपंचाच्या कारभारावरच्या हरकती सरपंचाच्याच अध्यक्षतेखाली ऐकल्या जातात.

इथे कुणी म्हणेल, मग सगळंच लोकांवर सोडा. तसं आमचं म्हणणं नाही. थेट लोकशाहीत खोट आहे आणि ती झाकून आम्हाला मागणी करायची नाही. गाव देवळात बसून एकमताने ठरवतं, म्हणजे ते लोकशाहीच असतं असं नाही. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या, कारण पदांचा जाहीर लिलाव झाला होता. उमराण्यात बोली 2 कोटींच्या वर गेली, देवळासाठी म्हणून. गाव खूश होतं. हरला तो ज्याच्या खिशात पैसा नव्हता, आणि ते कुठल्याच वहीत आलं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना मज्जाव करणारा ठराव केला, प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. याच्या उलट कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचं ठरवलं आणि राज्याला त्याचं परिपत्रक काढावंसं वाटलं. दोन्ही ठराव गावाचेच. म्हणजे गावाच्या शहाणपणावर भिस्त ठेवून चालत नाही. कोणत्या विषयावर मत घेता येतं आणि कोणत्या नाही, ही रेघ आधी मारून ठेवावी लागते.

स्वित्झर्लंडचं नाव या विषयात सगळेच घेतात, तर घेऊ. एक लाख सह्या 18 महिन्यांत जमवल्या तर घटनेत बदल मतदानाला टाकता येतो. संसदेने केलेल्या कायद्याविरुद्ध 100 दिवसांत 50,000 सह्या आल्या तर तो कायदा लोकांपुढे जातो. मतदानाच्या काही आठवडे आधी घरी पुस्तिका येते, तिच्यात दोन्ही बाजू. हे घ्यावं. पण याच पद्धतीने बायकांना राष्ट्रीय मतदानाचा हक्क मिळायला 1971 उजाडलं, कारण मत देणारे फक्त पुरुष होते. आणि आपेनझेल इनररोडन या तिथल्या एका कँटनमध्ये (प्रांतात) तर चौकात हात वर करणाऱ्या पुरुषांनी नकारच दिला, शेवटी 1990 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क दिला. हात वर करून मत घेण्याचं हे असं असतं.

तोच हात आपल्याकडे. घरकुलाच्या ‘ड’ यादीतून, म्हणजे घरकुलासाठी नाव नोंदवलेल्या कुटुंबांच्या यादीतून, कुणाला वगळायचं हे समोरासमोर हात वर करून विचारलं जातं. ज्याच्या शेतावर उद्या मजुरीला जायचंय, तो पहिल्या रांगेत मागे वळून बघतो आहे. अशा वेळी हात वर होत नाही, आणि खाली राहिलेला हात संमती म्हणून मोजला जातो. गंमत अशी की गुप्त मतदान आपल्याला माहीत नाही असं नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचावर तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास मंजूर केला की तो विशेष ग्रामसभेपुढे जातो आणि तिथे गुप्त मतदान होतं. खुर्चीसाठी चिठ्ठी, घरकुलासाठी हात. असं का?

नीट केलं की हे यंत्र चालतं, याचे दाखले आहेत. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ओडिशात नियमगिरी डोंगरातल्या 12 गावांत ग्रामसभा झाल्या. प्रश्न आधी माहीत, जिल्हा न्यायाधीश दर्जाचा निरीक्षक हजर, प्रत्येकाचं म्हणणं नोंदलेलं. बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, आणि तो टिकला. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीची शिस्त लावून घेतली: एकाचाही ठाम विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलायचा आणि विषय अभ्यास गटात न्यायचा. वेळ लागतो. पण त्याच गावाने 1,800 हेक्टरांवरच्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 पासून बांबूचे वाहतूक पास स्वतः दिले. त्यांच्या ‘सर्वानुमते’मागे बैठका असतात. आमच्या बुकात तो नुसता शब्द असतो.

म्हणून आमच्या मागण्या.

1. तहकूब ग्रामसभेला मूळ गणपूर्तीच्या किमान निम्मी हजेरी आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला, अशी अट घाला. दोनदा तहकूब झाली तर गटविकास अधिकाऱ्यांनी गावात येऊन कारण लेखी नोंदवावं. तोवर आराखडा आणि लाभार्थी यादी मंजूर धरू नये.

2. 2,000 हून जास्त मतदारांच्या गावात 100 चा आकडा काढून 5 टक्के करा. एका मैदानात बसणं शक्य नसेल तर वॉर्डवार सभा घेऊन हजेरी आणि मतं एकत्र मोजा.

3. पैसा, जमीन, ना हरकत किंवा कुणाचा हक्क यांपैकी काहीही ऐनवेळच्या विषयात घेऊ नये. घेतल्यास ठराव आपोआप रद्द.

4. हजर मतदारांपैकी दहाव्या हिश्श्याने मागणी केली की चिठ्ठीने मत घ्या. लाभार्थी निवडीला मागणीची वाट न बघता चिठ्ठीच. दोन चिन्हं, एक डबा, मोजायला शाळेचे गुरुजी आणि अंगणवाडी सेविका. दोनशे चिठ्ठ्या मोजायला अर्धा तास पुरे.

5. हजेरीची वही आणि ठरावाचं बुक वेगळं. ठराव, बाजूने आणि विरोधात पडलेली मतं सभा उठण्याआधी मोठ्याने वाचा, मगच सही घ्या, आणि त्या पानाचा फोटो त्याच दिवशी फलकावर आणि गावाच्या ग्रुपवर टाका.

6. चारपैकी एका सभेची तारीख गावाला ठरवू द्या. स्थलांतर असलेल्या गावांत आराखडा त्याच सभेत मंजूर व्हावा. (याने इतर तीन सभांची झेंडावंदनाची सोय बिघडत नाही.)

7. कुणा व्यक्तीचा किंवा समाजगटाचा मूलभूत हक्क कमी करणारा विषय मतदानाला ठेवताच येणार नाही, असं परिपत्रकात उदाहरणांसह छापा. सरपंचाच्या कारभारावरच्या विषयापुरतं अध्यक्षस्थान दुसऱ्याकडे द्या.

8. उत्पादन शुल्क विभागासाठी: आडव्या-उभ्या बाटलीचा निकाल झालेल्या मतांच्या बहुमतावर लावा. फार थोड्या मतांवर निर्णय होऊ नये म्हणून यादीतल्या निम्म्या बायकांनी मतदान केलेलं असावं, ही अट आम्हाला मान्य आहे. मात्र मतदानाच्या 30 दिवस आधी यादी ग्रामपंचायतीच्या मृत्यू आणि विवाह नोंदींशी ताडून गावात वाचली जावी, आणि गेलेल्यांची नावं मोजणीतून वगळली जावीत.

आठवी मागणी मान्य होईपर्यंत निदान एक करा. ज्या गावांत मतदान झालं आणि दुकान चालू राहिलं, तिथले चार आकडे जाहीर करा: यादीतल्या बायका, मतदान केलेल्या बायका, आडव्या बाटलीची मतं, उभ्या बाटलीची मतं. ते विभागाच्या फायलीत आहेतच.

उत्तर ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवलं तरी चालेल. पुढच्या ग्रामसभेत आम्ही ते वाचून दाखवू, आणि तो विषय नोटिशीत सात दिवस आधी छापून घेऊ.

कळावे,
ग्रामसभेला बसणारे मतदार